पयलो जीव खयसून इलो

घाटकोपर पश्चिमेला एका ट्रस्टचं डायलिसिस सेंटर आहे, तिथे मी टेक्निशियन आहे. नाव नितेश. पेशंटला सुया टोचायच्या, मशीन लावायचं, रक्त नीट फिरतंय का बघायचं आणि चार तासांनी माणूस घरी पाठवायचा, हे माझं काम. पृथ्वीवर पहिला जीव कुठून आला हे माझ्या कामात येत नाही. तरी आठवड्यातून तीन दिवस मला तेच ऐकावं लागलं.

सुरुवात टीव्हीवरून झाली. चार नंबरच्या मशीनवर विद्याधर टिपणीस असायचे. मुलुंडचे, कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सर म्हणायचे. पाच नंबरवर लवू मेस्त्री. गाव कुडाळकडे, वडील गिरणीत होते, स्वतः भटवाडीत वाढले आणि सगळा जन्म एका चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात गेला. दोघांच्या बरोबर मधे टीव्ही. एका दुपारी त्यावर पौराणिक मालिका लागली होती. कमळात बसलेले ब्रह्मदेव हात वर करत होते आणि एकेक प्राणी प्रकट होत होता. हत्ती झाला, मोर झाला.

"नितेश, बातम्या लाव," सर म्हणाले.

"दोन मिन्टा थांबा, सर," मेस्त्री म्हणाले. "सृष्टी निर्माण होता हा. मगे जाहिरात लागतली."

"सृष्टी अशी निर्माण झाली नाही."

"मग कशी झाली?"

इतका सरळ प्रश्न सरांना निवृत्तीनंतर कोणी विचारला नसावा. त्यांनी उशी वर सरकवून घेतली आणि सुरू झाले. आधी फक्त समुद्र होता, तळाशी भेगांतून गरम पाणी यायचं, त्या पाण्यात साधी रसायनं होती, ती एकमेकांना चिकटत गेली, त्यांच्याभोवती चरबीची पातळ पिशवी तयार झाली, आणि त्यातली एक पिशवी केव्हातरी स्वतःसारखी दुसरी करायला लागली.

मेस्त्रींनी सगळं शांतपणे ऐकलं. "ता पाणी कोणी तापवल्यान?"

"पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं."

"आणि पृथ्वी?"

"मेस्त्री, एका वेळी एकच घेऊ."

बातम्या राहून गेल्या.

त्यानंतर टीव्ही लावायची गरज पडली नाही. सर मुद्दे तयार करून यायला लागले. मेस्त्री तयारी वगैरे काही करायचे नाहीत, पण हरायचेही नाहीत. त्यांचं मुख्य अस्त्र डोळा होतं.

"सर, जलमभर काचो घासलंय मी. एक भिंग आपसूक झालेला बघूक नाय. आणि ह्यो डोळो आपसूक झालो?"

"एकदम झाला नाही. आधी एखाद्या अळीच्या अंगावर नुसता उजेड कळणारा ठिपका होता. तो खोल गेला, त्याचा खळगा झाला. खळग्याचं तोंड बारीक झालं. मग त्यावर पारदर्शक पडदा आला. प्रत्येक पायरीवर आधीपेक्षा थोडं बरं दिसत होतं, म्हणून तो प्राणी वाचत होता. आणि गंमत ऐका, आपल्या डोळ्यात चूक आहे. नसा आतल्या, उजेड पकडणाऱ्या पडद्याच्या पुढून जातात, मागून जायला हव्या होत्या. देवानं केला असता तर असा केला असता का?"

मेस्त्रींनी विचार केला. "चूक आसा म्हणतास?"

"उघड चूक आहे."

"मगे कोणीतरी केल्यान हा. आपसूक झालेल्या वस्तूक चूक कोण म्हणता?"

सरांनी उत्तर देण्यासाठी हात उचलला. नेमका सुया टोचलेला हात. मशीन पी-पी करायला लागलं आणि स्क्रीन लाल झाली.

"सर, हात खाली," मी म्हटलं.

"तर्क चुकीचा आहे यांचा," सर मला म्हणाले. "तू सांग यांना."

"तुमचं दोन दिवसांत तीन किलो वजन वाढलंय, ते सांगतो. पाणी किती पिताय?"

यावर मात्र दोघांचं एकमत असायचं, की पाण्याचा विषय काढू नये.

सरही सोडायचे नाहीत. एकदा त्यांनी विचारलं, "सगळं देवानं केलं, मान्य. मग देवाला कोणी केलं?" मेस्त्री म्हणाले, "ता त्येकाच इचारूक व्हया. तुमका घाई आसा?" सर म्हणाले, घाई नाही. त्या खोलीत ही थट्टा कोणी फारशी करत नाही.

महिनाभरानं सरांच्या पत्नी कुंदाताई माझ्याकडे आल्या. "यांचं बीपी इथून आल्यावर वाढलेलं असतं. त्या गृहस्थांना दुसरीकडे बसव ना."

मी मेस्त्रींना कोपऱ्यात, बेसिनजवळच्या मशीनवर हलवलं. बीपी खरंच खाली आलं. पण सरांनी डबा उघडणं बंद केलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. मेस्त्री छताकडे बघत पडायचे, आणि एकदा तर मला म्हणाले, "काय रे, सर काय बोलाक नाय आज?" मी म्हटलं, नाही. "मगे बरा नसतला त्यांका."

पंधरा दिवसांत कुंदाताई परत आल्या. "त्यांना परत शेजारी आण."

"बीपीचं काय?"

"अरे, आता घरी माझ्याशी वाद घालतात. मी पोळ्या लाटत असते आणि हे विचारतात, निर्जीवातून सजीव कसा होईल असं तुला वाटतं? मला काहीच वाटत नाही रे."

पुन्हा चार आणि पाच. त्या दिवशी मेस्त्री आल्या आल्या म्हणाले, "सर, ती चरबीची पिशवी फुटाक कशी नाय?" आणि सरांनी चष्मा पुसला.

दोघांचा रक्तगट एकच होता आणि दोघांची नावं एकाच हॉस्पिटलच्या किडनीच्या प्रतीक्षायादीत होती. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी अवयव द्यायचं ठरवलं, की यादीतल्या वरच्या दोघातिघांना एकदम बोलावतात, कारण आयत्या वेळी पहिल्याचं काही बिनसलं तर दुसरा तयार हवा. पावसाळा संपता संपता एका रविवारी सकाळी तसा फोन आला. सर पहिले, मेस्त्री दुसरे. मेस्त्रींच्या पत्नी सुलक्षणाताई घाबरून गेल्या होत्या, त्यांनी मला फोन केला, म्हणून मीही गेलो.

सरांना दोन दिवस खोकला होता. कुंदाताईंनी तो हॉस्पिटलला सांगितला नव्हता, सरांनीही नाही. पण तिथे तपासल्यावर ताप निघाला आणि छातीच्या फोटोत डाग दिसला. डॉक्टरांनी सांगितलं, अशा अवस्थेत किडनी बसवली तर माणूस वाचणार नाही. नंतर ते बाहेर आले आणि मेस्त्रींचं नाव घेतलं.

मेस्त्री उठले नाहीत. "सरांचो नंबर हा."

"त्यांना आज देता येत नाही, काका."

"मगे उद्या द्या. मी थांबतंय."

"किडनी थांबत नाही," डॉक्टर म्हणाले.

सर व्हीलचेअरवर बसले होते, अंगावर शाल. त्यांचा आवाज खोकल्यानं बसला होता. "मेस्त्री, माझ्या छातीत जंतू झालेत. त्याचा तुमच्याशी संबंध नाही. मुकाट्यानं आत जा."

मेस्त्री गेले. जाताना मागे वळून बघितलं नाही. कुंदाताईंनी सुलक्षणाताईंचा हात धरला होता, तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही. टॅक्सीत बसल्यावर सर मला म्हणाले, "चांगली मॅच होती, नाही?" मी म्हटलं, हो.

ऑपरेशन चांगलं झालं. पाच नंबरवर हर्षद नावाचा माणूस आला. तो शेअरबाजारातला होता आणि मशीन लागलं की झोपायचा. सरांनी एकदा त्याला विचारलं, जीव कसा निर्माण झाला असेल असं वाटतं? तो म्हणाला, "गूगल करा ना, अंकल." सरांनी पुन्हा विचारलं नाही.

किडनी बसवलेल्या माणसाला संसर्गाची भीती असते, म्हणून मेस्त्री काही महिने घराबाहेर पडले नाहीत. फोनही आला नाही. एका शनिवारी दुपारी सुलक्षणाताई त्यांना घेऊन आल्या. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून ते दारातच उभे राहिले, तोंडावर दोन मास्क. चेहरा भरला होता. चार नंबरचं मशीन दारापासून फार लांब नाही.

सुलक्षणाताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इल्यापासून देवाकडे बघणत नाय. दिवो मीच लावतंय. रोज सकाळी गाऱ्हाणा घालीत, ता पण सोडल्यानी. तुमच्या सरांका सांगा काय ता."

सांगायची गरज पडली नाही. मेस्त्री दारातूनच बोलले, जरा मोठ्यानं.

"सर, तुमचा बरोबर होता. देव नाय."

खोलीत सगळे जागे झाले. हर्षदसुद्धा.

"का?" सर म्हणाले.

"असतो तर तुमका त्याच दिवशी ताप कित्याक देतो? माका द्यायचा होता तर माझा वेगळा काय तरी करतो. तुमचा काढून माका दिल्यान, असो देव माका नको. त्यापेक्षा नाय ताच बरा."

मला वाटलं, सर जिंकले. सरांचा चेहरा मात्र विद्यार्थ्यानं पेपर कोरा दिल्यासारखा झाला.

"मेस्त्री, हा पुरावा नाही. एका म्हाताऱ्याला ताप आला, यावरून देव नाही हे सिद्ध होत नाही. परीक्षेत असं लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं."

"मगे देव आसा म्हणतास?"

"तसं मी म्हटलेलं नाही."

"मगे मी काय म्हणू?"

"तुम्ही जे म्हणत होता तेच म्हणा!" सर ओरडले आणि हात उचलला. मशीन वाजायला लागलं. मी आवाज बंद केला, त्यांचा हात खाली धरला, तरी ते बोलतच होते. "वर्षभर माझं डोकं खाल्लंत. मी तुमच्यासाठी पुस्तकं आणून परत वाचली. आणि आता एका तापावरून माझ्या बाजूला येता? तुम्ही इकडे आलात तर मी बोलू कुणाशी? याच्याशी?"

हर्षदनं डोळे मिटून घेतले.

मेस्त्री दारात उभे राहिले. मास्कच्या वरचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि तिथेच देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, ज्याला ऐकणाऱ्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं असतं ते.

"बा देवा महाराजा..."

"होय महाराजा," सुलक्षणाताई लगेच म्हणाल्या.

"हे जे सर आसत, त्येंचो तुझ्यावर इस्वास नाय रे महाराजा..."

"होय महाराजा." आता दोन नंबरच्या आजीही म्हणाल्या.

"तो नसांदे. पण जी वस्तू माका दिलंस, तशीच एक त्यांका मिळांदे. खोकलो-ताप नसताना मिळांदे रे महाराजा..."

"होय महाराजा." हे मी म्हणालो. मीही कोकणातलाच, आणि कोकणातल्या माणसाच्या तोंडून ते आपोआप निघतं. सरांजवळ बसलेल्या कुंदाताई मुलुंडच्या, त्यांना माहीत नव्हतं, पण पुढच्या वेळेपासून त्याही म्हणायला लागल्या.

सर छताकडे बघत पडले होते. गाऱ्हाणं संपत आल्यावर म्हणाले, "रक्तगट सांगितला नाहीत."

"काय?"

"बी पॉझिटिव्ह. त्यांना सोयीचं पडेल."

मेस्त्रींनी हात पुन्हा जोडले आणि तेही गाऱ्हाण्यात घातलं.

सरांना अजून किडनी मिळालेली नाही. यादीत आहेत. मेस्त्री जमेल त्या शनिवारी येतात आणि दाराबाहेर, मी ठेवलेल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसतात. देवाशी त्यांचं पुन्हा जमलंय, आधीसारखं नाही, पण जमलंय. गेल्या आठवड्यात सरांनी त्यांना सांगितलं की एका पेशीनं दुसरीला गिळलं आणि पचवलंच नाही, दोघी एकत्र राहायला लागल्या, म्हणून आज आपण आहोत.

मेस्त्री म्हणाले, "ह्या मात्र माका पटता."

सर म्हणाले, "पटू नका. विचार करा."