माळावरचा एकटा ठिपका

“त्यांच्या ताटाकडे लक्ष ठेव हो. दुखलं-खुपलं तरी ते सांगायचे नाहीत,” विमानतळावर बॅग ट्रॉलीवर चढवता चढवता सासूबाई म्हणाल्या होत्या.

“आई, आप्पा काय लहान आहेत?” सुरुचीनं हसण्यावारी नेलं होतं. तिचा सगळा जीव तेव्हा चार वर्षांच्या सिद्धीच्या खोकल्यात अडकलेला.

सासूबाई मिरजेला परतून दोन महिने झाले. इकडे परदेशात, हिल्सबरोच्या घरात, दुपारचं ऊन जेवणाच्या टेबलावर सांडलं होतं. ताटांशेजारी लॅपटॉपवर दक्षिण अमेरिकेचा नकाशा. सुरुची एका संग्रहालयासाठी घरूनच जुन्या नोंदी तपासायची. सध्या हाती होता मुठीत मावेल एवढा, उंदरासारखा दिसणारा ऑपॉसम नावाचा प्राणी. तो जिथं जिथं सापडला तिथले नकाशावरचे ठिपके डोंगराच्या कडेकडेनं दाटीवाटीनं बसलेले. खाली कोरड्या माळावर मात्र एकच, वेगळ्या रंगाचा. वेगळी जात म्हणून कुणीतरी कधीकाळी नोंदवलेला. बघता बघता तिचे डोळे जड झाले, आणि ते इवलंसं जनावर नकाशावरून उतरून, शेपटी सावरत, वाट्यांमधून चालत गेलं.

“आपल्या कुंपणावर नाचतो त्या पॉसमचा भाऊ का हा?” सासऱ्यांच्या आवाजानं ती भानावर आली.

“नाही हो आप्पा. तो ऑस्ट्रेलियातून इथं आणलेला, उपरा. हा दक्षिण अमेरिकेतला, स्वतःच्याच मुलखात राहतो.”

“सुखी आहे लेकाचा.” आप्पांनी पोळी बाजूला सारली आणि वरणाची वाटी तोंडाला लावली.

परवाच ती नवऱ्याला, राघवला, म्हणाली होती, “आई परत गेल्यापासून आप्पा वेगळेच झालेत. माझी पोळीसुद्धा नको असते त्यांना.”

तिनं माळावरच्या त्या प्राण्याच्या कवटीचा फोटो उघडला. दाढा सपाट, म्हणून जात वेगळी, असं नोंदीत होतं. तिनं फोटो मोठा केला, अजून मोठा केला. उंचवटे होते की! चावून चावून झिजले होते. वेगळा कसला, हा तर त्यांच्यातलाच म्हातारा. तिनं ठिपक्याचा रंग बदलला.

“सिद्धी, एवढ्या चकल्या कुणी दिल्या तुला?”

“आजोबा गिव्ह्ज मी ऑल हिज क्रंची बिट्स,” सिद्धी भरल्या तोंडानं म्हणाली.

सुरुचीची बोटं थांबली. आप्पा डाव्या गालाला तळवा लावून खिडकीबाहेर बघत होते.

“आप्पा, आ करा बघू.”

“अगं, हे काय भलतंच!”

“करा म्हणते ना.”

त्यांनी सिद्धीसारखे डोळे घट्ट मिटून तोंड उघडलं. मागची हिरडी टरारून सुजली होती.

“कधीपासून?”

“ही गेली त्या आठवड्यापासून. तुझ्यामागं आधीच पोरीचा व्याप...”

दातांच्या डॉक्टरांकडे फोन लावला, तर पलीकडे नुसती धून वाजत राहिली. एका हातानं फोन कानाशी धरून तिनं दुसऱ्या हातानं शेरा पुरा केला:

‘वेगळी जात नाही. वय झालेला प्राणी. नोंद वाचणाऱ्यास विनंती: तुमच्याकडेही कुणी वेगळा म्हणून बाजूला ठेवलेला असेल, तर त्याचे दात एकदा बघा.’