चालू इंजिनावर

पडेगावच्या पुढं मी गाडी वळवली तेव्हा अण्णा म्हणाले, "आता तापलं असंल तेल. चल घरी."

रविवारचं हे ठरलेलं होतं. गिअरबॉक्सचं तेल बघायचं तर आधी दौलताबाद रस्त्यानं गाडी फिरवून आणायची. मग गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीपुढं सपाट जागेवर उभी करायची, कारण आमच्या दारात उतार आहे. ब्रेक दाबून दांडा सगळ्या गिअरांतून फिरवायचा आणि पार्किंगवर आणायचा. इंजिन बंद करायचं नाही. अण्णा कुबडी टेकून बॉनेटपाशी उभे राहत. मी तेलाची पट्टी ओढून पुसायची, पुन्हा घालून ओढायची आणि त्यांच्यापुढं धरायची.

"जळकट वास नाय. रंग बघ, गुलाबाचं सरबत."

"पिऊ नका, अण्णा," गिरणीवाला ओरडला.

"तुझ्या पिठापरीस चोख हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उठलेच नाहीत.

त्यांचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला होता. क्लच नसलेली ही जुनी गाडी त्यांनी शोधून आणली, तेव्हा करमाडहून पुंडलिककाका बघायला आले आणि म्हणाले, "लंगड्याची गाडी!" सगळ्यांत मोठ्यानं अण्णाच हसले. नाव चिकटलं. लग्नाकार्यात कोणीतरी विचारायचंच, "लंगड्याची गाडी कुठं लावली?" अण्णा हसत, म्हणून मी गप्प राही.

त्यांच्यामागं गाडी दारात उभीच होती. एक दिवस काका भंगारवाल्या कचरूशेठना घेऊन आले. मला न विचारता खिळ्यावरची चावी काढली, गाडी सुरू करून गिअर टाकला. इंजिन ओरडलं, गाडी जेमतेम हलली. काकांनी इंजिन बंद करून पट्टी ओढली.

"तेल तर काठोकाठ हाय. म्हंजी गिअरबॉक्सच गेला. शेठ, न्या उचलून."

"काका, हे तेल चालू इंजिनावर बघतात."

"जन्मभर ट्रॅक्टर हाकला, पोरी. मशीन थंड, मशीन बंद, मग तेल बघायचं."

"ते ट्रॅक्टरचं. इथं इंजिन बंद केलं की सगळं तेल खाली उतरतं. कमी असलं तरी भरलेलं दिसतं."

"लई शिकली आमची तनुजा," काका कचरूशेठकडं बघून म्हणाले.

मी त्यांच्या हातातून चावी घेतली. गाडी सुरू केली आणि ब्रेकवर पाय ठेवून उतारानं गिरणीपुढं नेली. मागं दारातल्या फरशीवर लाल डाग राहिला. तेल इतके दिवस तिथं झिरपत होतं. इंजिन तापेपर्यंत थांबले. मग पट्टी ओढली, पुसली, पुन्हा ओढली. टोक कोरडं होतं.

डिकीत अण्णांची तेलाची बाटली होती. बारीक नरसाळं लावून मी थोडं थोडं ओतलं, दर वेळी बघितलं.

"बाटलीभर तेलानं मेलेलं उठत नाय, तनू."

"माहीत आहे, काका."

गिअर टाकला, ब्रेक सोडला. गाडीनं एक झटका दिला आणि पकड घेतली. मी पडेगावपर्यंत गेले. बाजूची सीट रिकामी होती, तिकडं बघितलं नाही. परत येऊन पट्टी काढली. तेल पट्टीवरच्या 'गरम' खुणेच्या आत होतं, आणि लाल.

"पुंडलिकराव, ही तर चालती की," कचरूशेठ म्हणाले. "चालत्या गाडीला भंगारात कशाला घालता?"

"चालंल आठ दिवस. तेल गळतंयच."

"सील बदलून घेईन," मी म्हणाले. "गाडी विकायची नाही."

"अगं, लंगड्याची गाडी ती! धडधाकट माणसाला काय करायची? आण चावी." त्यांनी हात पुढं केला.

इंजिन चालूच होतं. मी पट्टी जागेवर बसवली, बॉनेट लावलं.

"काका, माझ्या वडलांना लंगडा म्हणायचं नाही," मी म्हणाले. गिरणीवाला बाहेर येऊन उभा राहिला होता. त्यालाही ऐकू जाईल असं म्हणाले. "ते होते तेव्हाही म्हणायचं नव्हतं."