आबांचं हिरवं बटण

"या डबीले बी आबासनी सवय लागी गयी," तुरीच्या पोत्यांच्या थप्पीपलीकडून मिस्त्री हिलाल कुरकुरत होता. "बेअरिंग तपी राह्यनं, हात लावता येत नही, आनि हाई म्हनस, बठ्ठं ठीक शे."

"हळू बोल रे, आबा येतील," सुगंधाबाई म्हणाली.

"येऊ दे ना. हळू बोलीसन बी तेच, जोरमा बोलीसन बी तेच."

दोघं हसले आणि लगेच गप्प झाले. देवळात चुकून शिंक यावी तसे.

थप्पीच्या अलीकडे मयुरी उभी होती. नवा माल बघायला आली होती आणि नको ते ऐकून बसली. आबांबद्दलचं तिला नवीन नव्हतं. नवीन होतं ते डबीबद्दलचं, कारण डबी तिची होती.

जळगावच्या एमआयडीसीतली ही दालमिल तिच्या सासऱ्यांनी, जीवरामआबांनी, उभी केली. मयुरी सून म्हणून आली तेव्हा तिच्या वाट्याला बिलं आली. बिलं करता करता मोबाइलवर बघून, लोकांना विचारून, चुकत माकत ती बरंच काही शिकली. गेल्या वर्षी तूर वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचं बेअरिंग जळून पट्ट्याने पेट घेतला. दालमिल म्हणजे जिकडेतिकडे धूळ, आणि तीही पेटणारी. त्या दिवशी पाणी वेळेत मिळालं म्हणून थोडक्यात निभावलं. त्यानंतर हट्ट धरून तिने या डब्या आणल्या. चुन्याच्या डबीएवढ्या. बेअरिंगला चिकटवायच्या, त्या त्याची थरथर आणि ताप मोजतात आणि काही वेगळं वाटलं की मोबाइलवर कळवतात. नवऱ्याने, जितेंद्रने, एकच अट घातली होती: दिवाळीपर्यंत उपयोग दिसला तर ठेवू, नाहीतर परत.

आबांनी मात्र डबीकडे घरात आलेल्या सवतीसारखं पाहिलं होतं. उभा जन्म त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर बेअरिंगवर टेकवून, मूठ कानाला लावून यंत्राचं दुखणं ओळखलं होतं. मग मयुरीने तोड काढली. "आबा, डबी फक्त विचारणार. सांगणार तुम्हीच." आबांच्या मोबाइलवर दोन बटणं आली. डबीने शंका घेतली की आबांनी स्क्रूड्रायव्हर लावायचा. ठीक असेल तर हिरवं, बिघाड असेल तर लाल. आबांच्या उत्तरावरून डबी शिकत जाणार. आबा खूष झाले. लग्नाकार्यात सांगत सुटले, "यंत्राला शिकवायला ठेवलंय मला."

आबांना ऐकू येत नाही हे मिलमध्ये आणि घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तसं कुणी म्हणत मात्र नसे. मिलमध्ये म्हणत, "यंत्रांचा आवाज फार आहे." घरी म्हणत, "या टीव्हीचा आवाजच कमी आहे." मयुरीही म्हणे. बटणं देताना तिने स्वतःची समजूत घातली होती की आबांना यंत्राचं तेवढं ऐकू येत असेल.

ती थप्पीला वळसा घालून पुढे आली. "हिलालभाऊ, किती वेळा झालं असं?"

हिलाल आधी सुगंधाबाईकडे बघत राहिला, मग चपलांकडे. शेवटी तिला जिन्याखाली घेऊन गेला आणि तेलाचा एक रिकामा डबा ओढून काढला. डबा जळक्या, काळ्यानिळ्या बेअरिंगांनी अर्ध्याच्या वर भरला होता.

"आबा कान लावतस, ठीक म्हनतस, हिरवं दाबतस. दुपारले त्या घर जेवाले ग्यात का मी गुपचूप बदली टाकस."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू, वहिनी? आबासले तोंडवर कोन सांगी? मी नही. मना हातमा पान्हा त्यास्नीच दिन्हा."

मयुरीने डबीवाल्या कंपनीतल्या किरणला फोन लावला. पोरगा मूळचा धुळ्याचा, आता पुण्याला. त्याने इकडचं तिकडचं तपासलं आणि म्हणाला, "ताई, डबी बिघडलेली नाही. तिला बेअरिंग तापलेलं दिसतंय. पण दर वेळी तिने हात वर केला की गुरुजींनी सांगितलं, खाली बस, सगळं ठीक आहे. आता ती हात वर करत नाही."

मयुरीने मनात हिशोब लावला. आबांनी चूक बटण दाबलं, हिलालने चूक झाकली, तिने आबांना बटण दिलं. प्रत्येकाने मायेनेच केलं होतं. आणि त्या सगळ्या मायेतून एक यंत्र शिकलं होतं, की आग लागायची वेळ आली तरी गप्प बसायचं.

"सुधारेल का?"

"सुधारेल की. कुठलं बेअरिंग कधी बदललं ते हिलालभाऊंना आठवेल तेवढं सांगू द्या, मी डबीला पुन्हा शिकवतो. फक्त इथून पुढे बटण कोण दाबणार, ते तुम्ही ठरवा."

हिलालला सगळं आठवत होतं. एकेक जळकं बेअरिंग हातात घेऊन तो बोलत राहिला. पण किरणने विचारलेलं मयुरीच्या अंगावर पडून राहिलं.

जितेंद्रकडे तयार उपाय होता. "आबांचं बटण आहे तसं राहू दे. फक्त आतून तोडून टाक. खरं बटण हिलालकडे."

"म्हणजे आबांनी दाबत राहायचं?"

"त्यांना बरं वाटेल. तुझ्या डब्याही राहतील. कुणाचं काय जातं?"

किरण म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे, ताई. बटण हिरवं होईल, पुढे कुठेच जाणार नाही. मोठमोठ्या कारखान्यांत साहेब लोकांसाठी करून देतो आम्ही."

मयुरीला हसू आलं. खरं म्हणजे तिला सुटल्यासारखंच झालं. डब्या वाचत होत्या, आबांचा मान वाचत होता. दुपारी सासूबाईंबरोबर मेथी निवडताना तिने ही युक्ती सांगूनही टाकली.

बेबाबाईंनी मेथीची जुडी तशीच मांडीवर ठेवली. "मग मी इतके दिवस काय करू राह्यली, माय? घरातलं ते बटण मीच. ते विचारतात, कोण काय म्हटलं. मी मनाचं गोड काहीतरी सांगते. त्यांचं बी चालतं, माझं बी चालतं."

"मग बरंच आहे ना, आई."

"काय बरं आहे?" बेबाबाई देठ मोडत राहिल्या. "यावलच्या साखरपुड्यात हेमराज भावजी त्यांच्या जवळ बसून बायकोच्या आजारपणाचं सांगत होते. डॉक्टरांनी हात टेकले म्हणत होते. पलीकडे पोरं कशावर तरी हसली. यांना वाटलं, भावजींनीच गंमत सांगितली. हे बी हसले. चांगले मोठ्याने हसले."

मयुरीचा हात थांबला.

"तेव्हापासून भावजींनी आपल्या घराची पायरी चढली नाही. हे रोज विचारतात, हेमराज का येत नाही? मी सांगते, केळीची कापणी चालू आहे. आता कापणी तरी किती दिवस चालवू मी?"

मेथी निवडून झाली. मयुरीने किरणला फोन करून सांगितलं, आबांचं बटण तोडू नकोस. मग कानांच्या डॉक्टरांकडे बुधवारची वेळ घेतली.

त्यानंतर तीन वेळा ती आबांशी बोलायला गेली. पहिल्यांदा चहा देऊन आली, दुसऱ्यांदा तुरीचा भाव विचारून. तिसऱ्यांदा आबांनीच विचारलं, "काय गं, तब्येत ठीक आहे ना?"

मंगळवारी सकाळी मिल भर रंगात होती. चाळण्या थडथडत होत्या, सुगंधाबाई तोंडाला पदर लावून डाळीची चुरी लोटत होती. नव्याने शिकवलेल्या डबीने हात वर केला. आबांच्या खिशातला मोबाइल वाजला. तो त्यांना कळला नाही, थरथरला तेव्हा कळला. ऐटीत त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, दोन नंबरच्या एलिव्हेटरच्या बेअरिंगवर टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. हिलाल हातातलं काम सोडून बघत राहिला. जितेंद्र ऑफिसच्या दारात आला.

आबांनी डोळे उघडले. अंगठा हिरव्या बटणाकडे निघाला.

मयुरीने त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत तिने नमस्कारापुरते त्यांचे पाय शिवले होते, हात असा कधीच धरला नव्हता.

"आबा, थांबा."

आबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. हसले. "हो हो, पाठव जेवण इकडेच."

दारातून जितेंद्र मान हलवत होता, नको नको. तीनदा सांगायचं राहून गेलेलं ते मयुरीने सुनेला शोभेल अशा बारीक आवाजात एकदा म्हटलं. आबा पुन्हा हसले, मान डोलावली. हे असं तो माणूस दिवसभर करत असेल, तिच्या मनात आलं, सगळ्यांकडे बघून, काहीही न कळता.

"हिलालभाऊ, मेन बंद करा."

हिलाल जागचा हलला नाही. "वहिनी, माल चालू शे."

"बंद करा."

पट्टे मंदावले, चाळण्या एकेक करत थांबल्या. भर दिवसा मिल अशी गप्प कुणी पाहिली नव्हती. धूळ खाली बसू लागली. सुगंधाबाईने तोंडावरचा पदर काढला. आबा गोंधळून इकडेतिकडे बघू लागले. लाइट गेली का, त्यांनी विचारलं, आणि त्या शांततेत त्यांचा आवाज केवढा मोठा आला.

मयुरीने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, त्यांच्यासमोर उभी राहिली, ओठ दिसतील अशी. आणि अख्ख्या मिलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आबा, तुम्हाला ऐकू येत नाही. उद्या आपण दोघं डॉक्टरांकडे जातोय."