मोडलेली फेरी

"हळू चाल की गं. माठ हिंदकळला तर आंबील नाकावनं वाहील तुझ्या."

"वाहू द्या. लईच काळजी असंल तर घ्या की तुमच्या डोस्क्यावर!"

निंगप्पा हसला आणि टोपलं सावरत मागनं चालत राहिला. वेळ अमावस्येची, म्हणजे रानाच्या पूजेच्या सणाची सकाळ. मैंदर्गीच्या पलीकडची काळी जमीन दवानं भिजून लोण्यासारखी झालेली, शाळू पोटरीतनं डोकं काढून बघणारा. बांधाबांधानं सगळा गाव आपापल्या रानात निघाला होता. बायांच्या डोक्यावर आंबिलीचे माठ, बाप्यांच्या डोक्यावर भज्जीची आणि बाजरीच्या उंड्यांची टोपली. त्याची बायको शिवम्मा चालता चालता गुणगुणत होती,

आंबिलीचा माठ बाई, डोईवरी तोलानं
आले तुझ्या रानी बाई, थोराच्या गं बोलानं

थोर म्हणजे वीरभद्रप्पा. एस.टी.तनं कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला, कपाळभर भस्म लावणारा माणूस. सगळा गाव त्याला अप्पा म्हणायचा.

निंगप्पाचा आजा आजीला मारायचा, बाप भीमाशंकर आईला. घरात पितळेचा हंडा वारशानं उतरावा तसा तो हात निंगप्पाकडं उतरला. लग्न झालं, आणि त्यानं तो वापरला. एकदा तर शिवम्माला बैलाच्या कासऱ्यानं झोडपलं. ती तशीच माहेरी गेली आणि परत यायचं नाव घेईना.

अप्पांनी त्याच सुमाराला मठात सोमवारची बैठक धरली होती, बायकोवर हात टाकणाऱ्या गड्यांची. चौघांत बसून आपल्या तोंडानं सांगायचं, कुणाला मारलं, कसं मारलं. निंगप्पा पहिल्यांदा म्हणाला, "हात उठला, अप्पा." अप्पा गरजले, "हात काय कोंबडा हाय व्हय रं, पहाटं आपुआप उठायला? तू उचललास म्हन!" सगळे हसले. निंगप्पाला मात्र त्या दिवशी मान वर करवली नाही. राग आला की कुदळ घेऊन रान गाठायचं, मातीला हाणायचं, माती तक्रार करत न्हाई, असं अप्पांनी शिकवलं. निंगप्पानं एवढं खणलं, की गाव चेष्टा करायला लागला, हा विहीर काढतोय का खजिना.

मग अप्पा स्वतः शिवम्माच्या माहेरी गेले. "पोरी, ह्याचं मी बगतो. माझा शबुद हाय." त्या शब्दावर ती नांदायला आली. त्यानंतर निंगप्पानं तिला बोटही लावलं नव्हतं. तरी ती अजून भिंतीला पाठ लावून झोपायची. विश्वास म्हणजे कोरडवाहूचं पीक, एका रात्रीत उगवत नाही.

रानात कडब्याची कोप, पूजेसाठी केलेली खोप, उभी होती. आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, पुढं दिवा. पूजा झाली. बैठकीतले गडी घरच्यांना घेऊन आले. अप्पांचं रान बांधाला बांध, तेही आपला माठ घेऊन नागव्वाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, संगं घेऊन यायचे होते. ते एकटेच आले, मानाच्या जागी बसले.

"अप्पा," बैठकीतल्या प्रभूनं आंबील ओरपत म्हटलं, "तुमच्या पायी मला बायकोचं भ्या वाटाया लागलंय बगा!"

"भ्या न्हवं रं, लाज म्हनत्यात त्याला. गड्याला लाज वाटाया लागली की समज निम्मा मानूस झाला."

"आन् उरल्यालं निम्मं?"

"ते तुझ्या बायकोला इचार!"

हशा पिकला. "नागव्वा कुटं ऱ्हायली?" शिवम्मानं विचारलं. "येतीया मागनं, माठ घिऊन," अप्पा म्हणाले, आणि थोड्या वेळानं पाणी प्यायला म्हणून उठून गेले.

निंगप्पा-शिवम्मा रानाच्या फेरीला निघाले. पुढं तो, हातातल्या ताटातनं चौफेर नैवेद्य शिंपडत. मागं ती, तांब्यातल्या पाण्याची धार सोडत. ही फेरी सुरू झाली की थांबायचं नाही, मागं वळायचं नाही. फेरी मोडली तर रान वर्षभर रुसतं.

दक्षिणेच्या बांधाला शाळूपलीकडं खापराचा आवाज झाला. मग बाईचा दबका आवाज, "सोडा की, पाया पडते."

निंगप्पानं धाटं बाजूला सारली. नागव्वाचा माठ फुटून आंबील मातीत जिरत होती. अप्पांनी तिचा बुचडा मुठीत धरला होता आणि दुसऱ्या हातानं पाठीत बुक्क्या घालत होते. आरडाओरड नाही, शिवी नाही. पदराखाली झाकलं जाईल तिथंच, मोजूनमापून. सवयीचा माणूसच असं जपून मारतो. निंगप्पाला ते बघताक्षणी कळलं, कारण त्यालाही तसंच येत होतं.

त्यानं ताट खाली ठेवलं. फेरी मोडली.

मधे घुसून त्यानं नागव्वाला सोडवलं आणि त्याचा स्वतःचा हात वर गेला. अप्पांच्या भस्माच्या पट्ट्यांवर पडणार, तोच मागनं शिवम्मा म्हणाली, "आवो."

एवढंच. हात हवेत राहिला. मग त्यानं तो खाली घेतला. ओल्या कासऱ्यासारखा जड झाला होता.

"अप्पा, ह्ये काय?"

"तू कायबी बगितलं न्हाईस," अप्पा भस्म सारखं करत म्हणाले. "घरातलं हाय."

"घरातलं हाय म्हनूनच बसतो की आमी सोमवारी! आमाला नागवं करून बसवत हुता, आन् तुमी..."

"तुला मानसात आनला मी. इसरू नको."

"न्हाई इसरत. त्येच तर जळतंय."

तो त्यांना कोपेपाशी घेऊन आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आज अप्पांनी बोलायचं. आपल्या तोंडानं."

अप्पा शांतपणे म्हणाले, "ही घसरून पडली. माठ फुटला. इचारा तिला."

नागव्वानं पदर ओढून घेतला. "पडले रं बाळा. ढेकळावनं पाय सरला."

"निंग्या, सनासुदीला म्हाताऱ्या मानसावर आळ घेतोस व्हय?" प्रभू म्हणाला. त्याची नजर मात्र ताटातून वर येईना. सगळ्यांनीच पाहिलं होतं, अप्पांच्या धोतरावर आंबील उडाली होती ती. कुणी पाहिलं नाही असं मात्र सगळ्यांनी ठरवलं.

"फेरी मोडली ना तुझी?" अप्पा म्हणाले. "मग रान रुसनारच. त्याचं खापर माज्यावर का?"

झालं. पंगतीला धरायला दोरी मिळाली. फेरी मोडली, कशी मोडली, आता पीक कसं यायचं, कुठली शांती करायची. बाईच्या पाठीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बैठकीतले गडी अप्पांच्या मागं मागं बांधावरनं निघून गेले, मेंढरं जातात तशी.

दिवेलागणीला घरी आल्यावर निंगप्पानं रिकामं टोपलं भिंतीवर भिरकावलं. टोपलं लोळत चुलीपाशी गेलं. शिवम्मा दचकून कोपऱ्याला सरली आणि तिचा हात आपसूक डोक्यावर गेला.

ते बघून निंगप्पा जागच्या जागी थिजला.

"त्या मानसाच्या शब्दावर आले हुते मी," ती म्हणाली. रडत नव्हती. "त्यो शबुद तर फुटक्या माठावानी निगाला. आता तुमचं कुनाच्या शब्दावर खरं धरू?"

"माज्या" म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचा शब्द तरी कुणाचा होता? अप्पांकडनंच घेतलेला. माणूस खोटा निघाला. मग त्यानं शिकवलेलंही खोटंच का? मग दुपारी हात खाली आला तो कुणाचा?



"टोपलं म्या फेकलं," तो शेवटी म्हणाला. "आपुआप उडालं न्हाई." मग घोंगडं उचलून तो बाहेर आला. "आतनं कडी लाव. तुला वाटंल तवाच उगड. न्हाई वाटलं तर नगं उगडू."

कडी लागली. खाडकन, पक्की. तो आवाज त्याच्या छातीत रुतला, आणि तरी त्यात खोटं असं काही नव्हतं. सबंध दिवसात ऐकलेली तेवढीच एक खरी गोष्ट. तो ओट्यावर बसला. रानाकडनं गार वारा आणि हिरव्या शाळूचा वास येत होता.

गल्लीतनं पावलं वाजली. नागव्वा होती. एक खांदा कलता, पायात चप्पल नाही. त्याला ओट्यावर बघून ती थबकली.

"शिवम्मा हाय का रं आत?"

"हाय, अव्वा. हाक मारा. कडी तिच्या हातात हाय."

"शिवम्मा," नागव्वा दाराला तोंड लावून म्हणाली, "मी पडले न्हवते गं."

कडी निघाली. दार बाईपुरतं उघडलं, नागव्वा आत गेली, आणि कडी परत लागली.

गल्लीच्या टोकाला अप्पांचा ओळखीचा खोकला ऐकू आला. निंगप्पा उठला, दाराला पाठ लावून उभा राहिला, दोन्ही हात काखेत घट्ट धरले, आणि जागचा हलला नाही.