टपाली शेरा

"माझं मत कुणी टाकलं, तेवढं वहीत बघून सांगा."

जाईबाईंनी मतदार ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि खुर्चीच्या कडेला टेकल्या. नगरपरिषदेच्या मतदानाला तीन दिवस झाले होते. निकाल लागून गुलालही धुतला गेला होता, आणि निवडणूक शाखेत ज्योतीराम ढगे एकटाच उरलेले गठ्ठे बांधत बसला होता. कार्डावरचं नाव वाचलं आणि त्याच्या हातातली दोरी सैल पडली.

"काय झालं, आजी?" त्याने विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"शाळेत गेले मताला. रस्त्यावरच्या त्या कंटेनर गाड्यांच्या गर्दीतनं पायी गेले. तिथला मास्तर यादी बघून म्हणला, तुमचं मत टपालानं गेलंय. मला सही येत न्हाई, साहेब. मी कसलं टपाल धाडणार?"

निवडणुकीच्या ड्यूटीवर असलेल्यांना आपल्या केंद्रावर जाता येत नाही, म्हणून ते टपालाने मत देतात. त्यांची नोंदवही ज्योतीरामकडे असे. वहीत नाव चढवायचं आणि मतदार यादीतल्या त्याच्या चौकटीत लाल शाईने 'टपाली' असा शेरा मारायचा, म्हणजे तोच माणूस केंद्रावर दुसऱ्यांदा मत देऊ शकत नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत ज्योतीरामने किती शेरे मारले असतील देव जाणे. माझ्या वहीत खाडाखोड सापडली तर मिशी उतरवीन, असं तो चहाच्या टेबलावर छाती काढून सांगायचा. आणि या खेपेला यादीवर ओळीखाली धरलेली पट्टी एक चौकट सरकली. उत्कर्षा नावाच्या शिक्षिकेचा शेरा तिच्या सासूच्या, म्हणजे जाईबाईंच्या, चौकटीत जाऊन बसला.

चूक कुणाच्याही हातून होते. पण ज्योतीरामला ती वेळेत दिसली होती. यंत्रं आणि याद्या केंद्रांवर निघायच्या आदल्या संध्याकाळी, यादीची आपल्याकडची झेरॉक्स चाळताना. साहेबांना दोन ओळी लिहिल्या असत्या तरी दुरुस्ती झाली असती. पण मे महिन्यात निवृत्ती, आणि शेवटच्या निवडणुकीत साहेबांपुढे मान खाली घालायची? त्याने चौकटीतलं वय वाचलं, एक्क्याऐंशी. म्हातारी कशाला येतेय मताला, असं मनाशी म्हणून त्याने झेरॉक्स ड्रॉवरमध्ये सारली. आणि म्हातारी पायी आली.

"यादी सीलबंद झाली, आजी. कोर्टाच्या हुकुमाशिवाय आता कुणालाच उघडता येत नाही," तो म्हणाला. नियम खरा होता, म्हणून तो सांगताना जीभ अडखळली नाही.

"मग ऱ्हाऊ द्या." जाईबाईंनी कार्ड उचललं. "आमचं मालक पिंपरीला कंपनीत हुते. संप असू दे न्हाईतर रातपाळी, मत चुकवलं न्हाई त्यांनी. घरी आलं की बाबासाहेबांच्या फोटोम्होरं शाईचं बोट धरायचं. ते गेल्यापासनं मी धरते."

दाराशी जाऊन त्या थांबल्या. "सुनेला टपालाची पाकिटं आलती. मला वाटलं, माझं बी तिनंच धाडलं, तिच्या मर्जीच्या माणसाला. तीन दिस तिच्या हातचं जेवले न्हाई मी. ती रडतीया, म्हणतीया, आई, शपथ घेते. मी म्हणलं, शपथ कशाला, वहीत बघून येते. वही खोटं बोलत न्हाई."

वही खोटं बोलत नाही, हे वाक्य ज्योतीराम नव्या कारकुनांना ऐकवायचा. आज ते ऐकून त्याला स्वतःची लाज वाटली. सील, कोर्ट, हुकूम, सगळं खरं सांगून तो एका घरातली विझलेली चूल तशीच ठेवत होता.

"आजी, बसा," तो म्हणाला. "तुमच्या सुनेनं काही केलं नाही. तिचा शेरा चुकून तुमच्या नावावर मी मारला. आणि ती चूक मतदानाच्या आधीच दिसली होती मला. तरी गप्प बसलो."

जाईबाईंनी शिव्याशाप दिले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

"गप का बसला?"

"वाटलं, या वयात तुम्ही काही येणार नाही."

"माझं वय बघितलं व्हय," त्या हळूच म्हणाल्या. एवढंच लागलं त्यांना, असं दिसलं.

मग त्यांनी पुढं होऊन टेबलावर बोट टेकवलं. "हे कागदावर लिहून द्या. शिक्क्यासकट. सुनेकडनंच वाचून घेते."

ज्योतीरामने कोरा कागद ओढला. घडलं ते सगळं लिहिलं, चूक कधी दिसली तेही लिहिलं. खाली नाव, हुद्दा, सही आणि शिक्का. तस्संच दुसऱ्या कागदावर लिहून तो साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवला. पहिला कागद हातात घेताना जाईबाईंची नजर त्याच्या हाताकडे गेली.

"तुमच्या बी बोटाला शाई न्हाई?"

"मी ड्यूटीवर होतो. टपालानं दिलं."

"म्हंजी पोचलं तुमचं."

"पोचलं," तो म्हणाला, आणि त्याने हात टेबलाखाली घेतला.

जाईबाईंनी कागदाची चार पदरी घडी करून कार्डासोबत पिशवीत ठेवली. "जाते. ती बी तीन दिस अर्धपोटीच हाय," त्या म्हणाल्या. ज्योतीराम दारापर्यंत गेला. डाव्या हाताने कठडा धरून त्या एकेक पायरी उतरत होत्या, आणि त्या हाताचं कोरं बोट त्याला शेवटच्या पायरीपर्यंत दिसत होतं.