पाचरी सोडायचा दिवस

गवंडी आणि सुतार हे व्याही, आणि दोघांचं बोलणं बंद. कारण मोठं नव्हतं. ओढ्यावरच्या दगडी पुलासाठी सुताराने कमानीचा लाकडी साचा उभा केला, तेव्हा गवंडी चारचौघांत म्हणाला, ही कमान आहे की बसलेली म्हैस? सुताराने साचा सुधारला, व्याही मात्र सोडला. तेव्हापासून निरोप न्यायचं काम गवंड्याच्या लेकीकडे आणि सुताराच्या सुनेकडे आलं. ती एकच बाई होती.

चार महिने तिने ‘बाबा म्हणतात’ आणि ‘मामंजी म्हणतात’ एवढ्यावर पूल चढवला. दोन्ही काठांकडून साच्यावर दगड चढत गेले, मधोमध चावीचा दगड बसला. आता चुना धरेपर्यंत तीन आठवडे साच्याला हात लावायचा नाही, असा नेम. नवव्या दिवशी वरच्या अंगाला आभाळ काळं झालं आणि ओढा गढूळला. साचा ठेवावा, तर वाहत येणारी झाडं त्यात अडकून कमानच ओढून नेणार. काढावा, तर चुना ओला. शेवटी काढायचं ठरलं. गाव काठावर जमून सल्ले देत होतं. सल्ला देणाऱ्याचे पाय कोरडेच असतात.

साचा पाचरींवर उभा होता. दोन्ही बाजूंच्या पाचरी एकदम, बोटबोट सैल करायच्या. एक बाजू आधी बसली की कमान गेली. दोघे हातोडे घेऊन दोन टोकांना, गुडघाभर पाण्यात उतरले. गवंड्याने लेकीला सांगितलं, विचार त्यांना, तयार आहेत का. सुताराने सुनेला सांगितलं, कळव त्यांना, आम्ही केव्हाचेच तयार. निरोप पोचेपर्यंत एकाचा ठोका पडला, दुसऱ्याचा राहिला. वर दगड करकरला. काठावरचे सल्ले थांबले.

तिने पदर खोचला आणि साच्याखाली, चावीच्या दगडाच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली.

“पोरी, बाहेर ये,” गवंडी म्हणाला.

“निरोप बंद, बाबा. आता तुम्ही दोघं बोला, मी ऐकते.”

“सूनबाई, पाणी चढतंय,” सुतार म्हणाला.

“मला दिसतंय, मामंजी. त्यांना सांगा.”

पाणी मांडीला लागलं. ती हलेना. दोघांनी नाइलाजाने एकमेकांकडे पाहिलं.

“व्याहीबुवा,” गवंड्याने हातोडा उचलला, “मी ‘हं’ म्हटलं की मारा.”

“म्हणा की. मी काय बहिरा आहे?”

हं. हं. हं. दर ठोक्याला पाचरी बोटभर बाहेर, साचा केसभर खाली, कमान त्याच्यामागे. सातव्या ठोक्याला कमान थांबली, आणि साचा व दगड यांच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसला. कमान आपल्या पायांवर उभी होती. मग ती साच्याखालून बाहेर आली, आणि लुगडं पिळत घरी गेली.

साचा पाण्याने नेला. पूल राहिला. आता त्यावरून गाड्या जातात, फक्त संध्याकाळच्या नाहीत. त्या वेळी दोघे व्याही कमानीच्या मधोमध बसून चार महिन्यांचं राहिलेलं भांडण भांडत असतात, आणि गाडीवाले मुकाट्याने ओढ्यात बैल घालतात.