खुंटीवरची किल्ली

मी एक जुनी पोलादी तिजोरी आहे, मित्रांनो, आणि मी बिघडलेली नाही. आज तळघरात फिनेलच्या बाटल्या सांभाळते. पण एके काळी दोन देशांची गुपितं माझ्या पोटात होती.

मित्रदेशाने मला भेट म्हणून धाडलं. मला दोन किल्ल्या. एक आपल्या साहेबांकडे, दुसरी मित्रदेशाच्या पाहुण्या साहेबांकडे. दोन्ही एकदम फिरल्याशिवाय मी दार उघडत नसे. माझ्या या हट्टाचं दोन्हीकडे फार कौतुक झालं. खोलीची देखरेख करणाऱ्या बाई मला रोज पुसायच्या. त्यांच्या हाती मात्र किल्ली कधीच दिली गेली नाही.

पाहुण्या साहेबांना जिने चढायचा भारी कंटाळा. एके दिवशी त्यांनी आपली किल्ली खोलीतल्या खुंटीला अडकवली.

"राहू द्या इथेच. तुम्ही काय परके आहात?" ते आपल्या साहेबांना म्हणाले.

"साहेब, हे बरं नाही," बाई म्हणाल्या. कोणी कान दिला नाही.

आपल्या साहेबांना सासुरवाडीत कोणी विचारत नसे. एका दुपारी बाई जेवायला गेल्या असताना ते रुबाब दाखवायला मेहुण्यालाच घेऊन आले. दोन्ही किल्ल्या स्वतः फिरवल्या. मेहुण्याने हळूच फोनवर आतल्या कागदांचे फोटो काढले. आठवड्याभरात मित्रदेशाच्या हेरांची नावं जगजाहीर झाली.

चौकशीला दोन्ही सरकारं माझ्यासमोरच बसली. बाईंनी खरं ते सांगितलं, "किल्ली खुंटीवरच असायची, साहेब."

दोन्ही साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. खुंटीचं नाव निघालं तर दोघांचीही खुर्ची जाणार होती.

"कुलूपच बिघडलं असणार," पाहुणे म्हणाले.

"आणि बाईंचं लक्ष नव्हतं," आपले साहेब म्हणाले.

दोन देशांचं इतकं सहकार्य मी जन्मात पाहिलं नव्हतं.

बाईंना घरी बसवलं. जाताना सवयीने त्यांनी माझी मूठ पुसली. "तू तरी बोल गं," म्हणाल्या. लोखंडाला वाचा नसते, मित्रांनो. त्या दिवशी मला माझाच संताप आला.

मला तेलपाणी नको. मोठेपणी तुमच्या हाती किल्ली आली, तर ती स्वतःच्या खिशात ठेवा. आणि जिला ती कधी दिलीच नाही, तिच्यावर दार उघडल्याचा आळ घेऊ नका.

वर माझ्या जागी नवी तिजोरी आली आहे. फिनेल न्यायला येणारा सफाईवाला सांगत होता, तिच्या दोन्ही किल्ल्या त्याच खुंटीवर असतात.